मोह यायच्या आधीच ठरवा

पोट्टेहो, तुमच्यातले काही पुण्याला निघाले, काही नागपूर-हैदराबादला, आणि बरेचसे इथेच राहणार, यवतमाळ, वणी, दारव्हा, पांढरकवड्याच्या काळ्या मातीत. जाणाऱ्याला आणि राहणाऱ्याला मला एकच गोष्ट सांगायची आहे. आयुष्य नर्सच्या नोकरीत गेलं, रविवारी मंडळीतल्या लेकरांना शिकवलं. चांगली माणसं घसरताना पाहिली आणि घसरलेली उठताना पाहिली. त्यातून जे उमगलं ते आता तुमच्या कानात सांगते.

मोह आल्यावर त्याच्याशी झगडू म्हणणारा बहुतेक हरतो. मोह यायच्या आधी ज्याचं ठरलेलं असतं, तो वाचतो.

अरण्यात येशूची परीक्षा झाली ती कधी? चाळीस दिवस पोटात अन्न नव्हतं तेव्हा. पहिला मोह भाकरीचा होता. दुसरा मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांना दिपवण्याचा. तिसरा सगळ्या राज्यांचा, फक्त एकदा वाकायचं होतं. पोट, मिरवणं आणि सत्ता. आपल्या जिल्ह्यातही याहून वेगळा चौथा मोह मी पाहिला नाही. आणि येशूने तिन्ही वेळा जे उत्तर दिलं ते अनुवादाच्या पुस्तकातलं, म्हणजे आधीपासून पाठ असलेलं. त्या घटकेला तो शोधायला बसला नाही.

आपली घटका ओळखा

प्रत्येकाची घसरायची एक ठरलेली वेळ असते. कोणाची बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, कोणाची बायको माहेरी गेली की, कोणाची पगाराच्या रात्री, कोणाची भांडण झाल्यावर. दावीद राजा घसरला तो लढाईत नव्हे. बाकीचे लढाईवर गेले होते, हा घरी राहिला होता आणि संध्याकाळी गच्चीवर फिरत होता.

तेव्हा एक कागद घ्या आणि मागच्या सहा महिन्यांत आपण कुठे, कधी, कोणासोबत असताना वाकडं पाऊल टाकलं ते लिहा. कोणाला दाखवू नका. वाचलं की तुमचं तुम्हालाच कळेल: दिवस तोच, रस्ता तोच, सोबती तेच. मग प्रार्थना नेमकी करा. ‘देवा, मला पापापासून वाचव’ ही प्रार्थना चांगलीच, पण ‘देवा, आज बाजार आहे, मी पाचच्या गाडीने घरी येईन’ ही जास्त कामाची. प्रार्थना झाली की पाचची गाडी चुकवू नका.

भूक, थकवा, राग आणि एकटेपणा यांतलं एक जरी अंगावर असेल तर मोठा निर्णय घेऊ नका. आधी जेवा, झोपा. उपाशी माणसाच्या पुढ्यात सैतान आधी दगडच ठेवतो.

काट्यावर कळतं कोण ख्रिस्ती

रविवारी कोण किती मोठ्याने गातो त्यावरून मला माणूस कळत नाही. कापसाच्या दिवसांत त्याच्या बांधावर जाऊन उभं राहिलं की कळतो.

वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकून कापूस वेचतात. संध्याकाळी गाठोडी बांधून झाडाला टांगलेल्या काट्यापाशी रांगेने बसतात. मजुरी किलोवर. काटा टांगणारा मालक, वाचणारा मालक आणि वहीत लिहिणाराही मालकच. दर गाठोड्यामागे अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तर त्या बाईला कळतं, पण ती बोलत नाही, कारण उद्याही तिला यायचं असतं. ख्रिस्ती घरात असं व्हायला नको. काट्याचं तोंड बायांकडे करा. आकडा मोठ्याने वाचा. आणि मजुरी त्याच दिवशी द्या. दिवस मावळायच्या आत मजुराचे पैसे हातात पडावेत, हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे आणि अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक देवाच्या कानी जाते असं याकोबाच्या पत्रातही आहे. म्हणजे जुन्या करारातही सुटका नाही आणि नव्यातही नाही.

दुसरी गोष्ट, गाडी भरताना रात्री कापसावर पाणी मारायची. ‘सगळेच मारतात’ हे आपल्याकडचं सर्वांत जुनं समर्थन. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात आणि बाराच्या वर गाडी परत, हे तुम्हाला माहीत आहे. पण ओलावा मोजायचं यंत्र नसतं तिथेही कापूस कोरडाच न्या. कवडी कापूस खाली आणि पांढराशुभ्र वर, हेही बंद. हमीभाव सरकार ठरवतं, व्यापारी काय करतो ते त्याच्यापाशी. आपल्या हातात आपली गाडी आहे.

तुम्ही म्हणाल, आजी, व्यापारी आम्हाला मापात मारतो त्याचं काय? त्याच्याशी भांडा. बाजार समितीत तक्रार करा, चार जण मिळून जा. अन्याय सोसणं म्हणजे भक्ती, असं मी सांगणार नाही. पण वर झालेल्या लबाडीची भरपाई खालच्या माणसाकडून काढायची नाही.

आणि घेतलं असेल तर परत करा. जक्कयाने नुसते डोळे पुसले नाहीत, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत द्यायची तयारी दाखवली. आपल्याकडे पश्चात्तापाला आसवं फार आणि हिशोब कमी. हिशोब करा.

ऋण काढून नाताळ नको

नाताळ आणि कापसाचा पैसा एकाच सुमारास येतात. त्यामुळे डिसेंबरात आपल्या हाताला भान राहत नाही. घराला रंग, सगळ्यांना नवे कपडे, पन्नास माणसांचं जेवण, अंगणात तारा, आणि फेब्रुवारीत शाळेची फी भरायला उसनवारी. जनावरांच्या गव्हाणीत जन्मलेल्याच्या वाढदिवसासाठी कर्ज काढायचं, यात काही तरी चुकतं.

माझा नियम साधा आहे. पैसा हाती आला की त्याचे त्याच दिवशी वाटे करा. आधी देवाचा दशांश, मग देणं, मग बियाणं-खत, मग लेकरांची फी, मग दवाखान्यासाठी थोडं, आणि उरेल त्यात सण. अंथरूण पाहूनच पाय पसरा, लग्नातसुद्धा. लग्नाला मंडळी जेवून जाते, हप्ते तुम्ही फेडता.

दान करा, पण घरच्याला विचारून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मोठा कवी, मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत. मग घर चालवण्याची कसरत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एका बाईची ओढाताण आहे. औदार्य दोघांच्या संमतीने झालं तर ते घराला पेलतं.

सावकाराकडे जावंच लागलं तर परवाना विचारा आणि पावती घ्या. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही द्यायचा नाही, सख्ख्या मामालाही नाही.

बाटली, मटका आणि मोबाईल

तीमथ्याला पौलाने पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. आपल्या मंडळीतल्या दारुड्याला दुसरं एकही वचन पाठ नसतं, हे मात्र असतं. त्याला एवढंच विचारा, पोट इतकं दुखतं तर दवाखान्यात का जात नाही?

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. आपल्या जिल्ह्यातल्या बायांनीही बंदीसाठी मोर्चे काढले. मी त्यांच्या बाजूची आहे. पण कायद्याने दुकान हलतं, माणसाची तहान हलत नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली, पण वरली-मटक्याला तर कधीपासूनची बंदी आहे! बंदी सरकारची आणि निग्रह आपला, दोन्ही लागतात.

गुलाबी बोंडअळी तुम्हाला मी शिकवायला नको. २०१७ साली विदर्भात तिने केलेली वाताहत तुम्ही पाहिली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत पोखरलेलं. शास्त्रज्ञ ओरडून सांगतात, डिसेंबरपर्यंत पीक संपवा, पऱ्हाट्या उपटा, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, ठेवू नका, कारण चार बोंडांच्या लोभापायी ठेवलेल्या फरदडीवरच अळी पुढच्या हंगामापर्यंत जगते. वाईट सवयीचंही तसंच आहे. दारू सोडली पण बाटली कपाटात ठेवली, पत्ते सोडले पण ॲप ठेवलं, त्या बाईशी बोलणं थांबवलं पण नंबर ठेवला, तर ती फरदड आहे. मुळासकट उपटा.

मोबाईलबद्दल जास्त बोलत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि झोपायच्या खोलीत साधं गजराचं घड्याळ ठेवा. पोटीफराच्या बायकोने योसेफाला धरलं तेव्हा तो वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. काही मोहांपुढे पळणं हाच पराक्रम.

कागदावरचा धर्म

हा विषय नाजूक आहे, म्हणून मंडळीत कोणी काढत नाही. मी काढते.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. याचा परिणाम आपल्या घरांत दिसतो. रविवारी गळ्यात क्रूस, सोमवारी अर्जावर दुसरा धर्म. मुलाला वाटतं, आपले आई-बाप देवाला भितात की तहसीलदाराला?

या आदेशात अन्याय आहे असं मला वाटतं. बाप्तिस्मा घेतल्याने गावाने कोणाची जात विसरली नाही, वेस बदलली नाही, विहीर बदलली नाही. म्हणून दलित ख्रिस्ती लोक वर्षानुवर्षं कोर्टात आणि संसदेच्या दारात मागणी करत आहेत आणि ती मागणी रास्त आहे. तिच्यात सामील व्हा. पण पोटासाठी खोटं लिहिणं हा तोच पहिला मोह, दगडाची भाकर करण्याचा. जे लिहितात त्यांच्याकडे बोट दाखवायला मी बसले नाही. त्यांची अडचण मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी ज्यांचं अजून ठरायचं आहे त्यांना सांगते: जे आहात तेच लिहा. तुम्हाला कोणत्या प्रवर्गाची, कोणत्या शिष्यवृत्तीची सवलत नियमाने लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन नीट विचारा, कारण माहिती नसल्यामुळे हक्काचंही सुटतं. आणि मंडळीने अशा पोरांच्या फीचा वाटा उचलावा. खरं बोलण्याची किंमत एकट्या गरिबाने मोजावी आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणावं, हे बरोबर नाही.

शेजाऱ्याशी कसं वागावं

यवतमाळचा दुर्गोत्सव अख्ख्या विदर्भात नावाजलेला. नऊ दिवस शहर झोपत नाही. आपण मूठभर, त्यांच्यातच राहणार. त्यांच्या देवाला नावं ठेवणं म्हणजे येशूची साक्ष देणं, असं कोणी शिकवत असेल तर त्याने चुकीचं शिकवलं. गर्दीत कोणाची म्हातारी चुकली तर घरी बसवा, पाणी द्या, पोराला फोन लावा.

प्रसादाचं काय, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल करिंथच्या मंडळीतही हाच वाद होता आणि पौलाने तो अन्नावरून नव्हे, दुर्बळ भावाच्या मनावरून सोडवला. तुमचं मन आणि तुमच्याकडे पाहून शिकणाऱ्याचं मन, दोन्ही सांभाळून ठरवा. घ्यायचा नसेल तर हात जोडून, हसून, ‘काकू, आमच्यात चालत नाही, पण तुमचं प्रेम पोचलं’ असं म्हणा. तोंड वाकडं करू नका. घेऊन मागे फेकून देणं हे तर दुहेरी पाप, खोटंही आणि अपमानही.

भीतीपोटी धर्म लपवणं आणि गर्वापोटी मिरवणं, दोन्ही सारखेच घातक. कोणी विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तर नीट वागा.

मंडळीतला मोह

आता सगळ्यात अवघड. बाहेरच्या सैतानाला आपण ओळखतो, बाकावर शेजारी बसलेल्याला ओळखत नाही.

महिलांच्या प्रार्थनेत एक विनंती येते. ‘अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा बाई, सांगू नये पण सांगते...’ पुढची वीस मिनिटं त्या सुनेचं सगळं बाहेर येतं आणि शेवटी दोन मिनिटं प्रार्थना. ही चुगली आहे, तिला डोळे मिटायला लावले म्हणून ती प्रार्थना होत नाही. नियम ठेवा: ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याच्या परवानगीशिवाय कारण सांगायचं नाही. देवाला तपशील ठाऊक असतात.

दुसरा मोह खुर्चीचा. मंडळीची निवडणूक आली की दोन गट, दोन पंगती, आणि मग जमिनीच्या कागदांवरून कोर्ट. ज्या जागेवर प्रभुभोजन घेतो त्याच जागेसाठी एकमेकांवर तारखा लावतो. पद घ्या, सेवा करा, हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा आणि मुदत संपली की चावी पुढच्याला द्या. चावी देताना हात जड झाला तर समजा, मोह आला होता.

तिसरा जातीचा. लग्न ठरवताना आपल्या लोकांना अचानक आजोबांची जात आठवते. लक्ष्मीबाई टिळक आधी कर्मठ, सोवळं-ओवळं काटेकोर पाळणाऱ्या. त्यांनी मनाशी विचार केला की हे भेद देवाचे नसून माणसाचे आहेत, आणि कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. हे त्यांनी १९०० सालच्या बाप्तिस्म्याआधीच केलं होतं. आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि सोयरीक जुळवताना कुजबुजतो. नाकाने कांदे सोलू नका, आधी स्वतःच्या घरातली सोयरीक पाहा.

आणि शास्त्र जास्त येतं म्हणून निर्धास्त राहू नका. यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, देशभरातून पोरं इथे शास्त्र शिकायला यायची, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. या गावाने विद्वान पुष्कळ पाहिले. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही स्तोत्रसंहितेतलंच वचन म्हणून दाखवलं होतं. पाठांतराने कोणी सुटत नाही, वागण्याने सुटतो.

चंगाई आणि दवाखाना

चंगाई सभेला जायचं तर जा, प्रार्थना करून घ्या. पण ‘गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा’ असं जो सांगेल त्याच्यापासून दूर राहा. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की रोग औषधाला जुमानत नाही. साखरेचं, रक्तदाबाचं, फिटचं, मनाच्या आजाराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. हे मी नर्स म्हणून सांगते आणि विश्वासणारी म्हणूनही सांगते. लूक वैद्य होता. मिशनरी लोकांनी मिरजेला १८९४ साली दवाखाना उघडला आणि आपल्याकडे पांढरकवड्याजवळ उमरीला उघडला तो प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असंच सैतान येशूला म्हणाला होता. औषध सोडणं ही तीच उडी आहे.

सर्वांत काळा मोह

हा मोह मला सगळ्यांत जास्त भिववतो. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, हे तुम्हाला माहीत आहे. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात आपण होतो. पॅकेज येतात, जातात. रात्री तीनला जागा असलेल्या माणसाजवळ पॅकेज नसतं. ‘औषध घेतलं’, म्हणजे फवारणीचं विष प्यायलं, हे दोन शब्द आमच्या वॉर्डात पावसाळाभर ऐकू यायचे.

निराश झालेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं म्हणू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. बोलणं नंतर. तुम्हीही तसंच करा. घरी जा, जेवायला बसवा, ऐका. ‘मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट दडपण हलकं होतं.

फवारणीचं औषध घरात उघडं ठेवायचं नाही. पेटीला कुलूप, आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे किंवा शेजाऱ्याकडे. अशी घटका पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात बाटली हाताशी नसली की माणूस वाचतो. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. फोनमध्ये आजच साठवा. प्रार्थना करणाऱ्यानेही साठवा. कोणी औषध घेतलंच तर प्रार्थनेला थांबू नका, मीठ-पाणी पाजत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. प्रार्थना गाडीत करा.

रोजचं थोडं

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, साध्या बायकांना समजेल असं. अठरा वर्षांच्या आसपास हे काम चाललं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच खिळे जुळवले, छापलं. १९२२ साली बाई गेल्या त्याच्या थोडंच आधी काम पुरं झालं. तुमच्या फोनमध्ये मराठी शास्त्र फुकट पडून आहे आणि तुम्हाला दहा मिनिटं मिळत नाहीत?

सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र. रात्री दिवा मालवायच्या आधी तीन प्रश्न: आज कोणाला दुखावलं, कोणाचं घेतलं, कोणाला टाळलं? चाळीस दिवसांच्या उपासात मटण सोडता, तसं या वर्षी टोमणे सोडून पाहा. मटणापेक्षा अवघड जाईल.

आणि पडलात तर? पडालच कधी ना कधी. पेत्राने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं, यहूदाने एकदा विकलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा एकटा निघून गेला आणि संपला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांमध्ये परत आला, आणि पुढे त्याच्याच हाती मंडळी आली. मोहात पडल्यावर माणसांपासून तोंड लपवणं हा दुसरा मोह असतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून आयुष्यात एक तरी माणूस असा ठेवा, ज्याच्याकडे लाज सोडून सगळं सांगता येईल: पाळक, मावशी, जुना मित्र. तो गप्प राहणारा असावा आणि खरं बोलणारा असावा.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून आज झोपायच्या आधी एकच ठरवा. तुमची घसरायची घटका कोणती आणि त्या घटकेला तुम्ही कुठे असाल. मग ते त्या एका माणसाला फोन करून सांगा. उद्यावर टाकू नका.